पोरं वस्तीतलीच, तरी कॅमेरा लागला की खोटी का वाटतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नांदेडच्या एका पत्र्याच्या वस्तीतल्या दोन मित्रांवर २० मिनिटांचा लघुपट करायचाय. एक जण गल्लीतल्या टोळीत ओढला जातो, दुसरा बाहेर पडतो. हाताशी ८० हजार रुपये, ५ दिवसांचं शूटिंग आणि काम करणारी पोरं वस्तीतलीच. ‘सिटी ऑफ गॉड’ हा टोळ्यांवरचा ब्राझिलियन सिनेमा पाहून तुम्ही मोबाइलवर दोन दृश्यं करून पाहिलीत, कॅमेरा हातात धरलात, भराभर कट मारलेत, तरी पोरं गॅदरिंगमधल्यासारखी बोलली. म्हणून तुम्ही विचारताय की कॅमेरा कोणता घ्यावा, लेन्स कोणती, आणि तो हलता, धावता लूक कसा आणावा.

कॅमेऱ्याचं उत्तर देतो, पण शेवटी. तुमची अडचण त्यात नाहीच. पोरं खोटी वाटतायत कारण तुम्ही त्यांना तुमची वाक्यं पाठ करायला लावलीत आणि पाठ झाल्याबरोबर शूट केलंत. त्या सिनेमात जे खरं वाटतं ते शूटिंगच्या आधीच्या महिन्यांत तयार झालेलं आहे. हलता कॅमेरा त्या खरेपणाच्या मागे धावतो, तो खरेपणा निर्माण करत नाही.

आधी त्या सिनेमाच्या मागे काय उभं होतं ते बघा. ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोच्या पश्चिम भागातली ‘सिटी ऑफ गॉड’ याच नावाची वसाहत १९६० च्या दशकात सरकारनं वसवली, शहरातल्या झोपडपट्ट्यांतून उठवलेली माणसं तिथं नेऊन ठेवली. लेखक पाउलो लिन्स तिथंच वाढले. तिथल्या गुन्हेगारीवर अभ्यास करणाऱ्या एका मानववंशशास्त्रज्ञ बाईंच्या प्रकल्पात त्यांनी कित्येक वर्षं माणसांच्या मुलाखती घेतल्या, आणि त्यातून १९९७ साली कादंबरी आली. तिच्यावर ब्राउलिओ मांतोवानी यांनी पटकथा लिहिली. दिग्दर्शक फर्नांडो मेइरेलेस आणि सहदिग्दर्शक कातिया लुंद यांनी वस्त्यांमधली मुलं निवडून त्यांच्याबरोबर कित्येक महिने कार्यशाळा घेतली. मोठ्या सिनेमाच्या आधी त्यांनी त्यातल्या काही पोरांना घेऊन एक लघुपटही करून पाहिला, तालीम म्हणून. पोरांच्या हातात संहिता दिलीच नाही. प्रसंग सांगायचा, कुणाला काय हवंय ते सांगायचं, आणि बोलणं पोरांवर सोडायचं. शेवटच्या मोठ्या मारामारीआधी टोळी हात धरून प्रार्थना करते ना, ते कागदावर नव्हतं. टोळीत राहून आलेल्या एका मुलानं सुचवलं म्हणून ते आत आलं. असली गोष्ट घरी बसून कुणाला सुचत नाही.

हे सगळं २००२ साली पडद्यावर आलं आणि पुढे दिग्दर्शन, रूपांतरित पटकथा, छायाचित्रण आणि संकलन अशी चार ऑस्कर नामांकनं मिळाली. लोक त्यातलं छायाचित्रण आणि संकलन तेवढं उचलतात, कारण तेवढंच डोळ्यांना दिसतं.

आता तुमचं काय होईल ते दोन गोष्टींवर ठरेल, आणि त्या मला इथून दिसत नाहीत. तुमच्याकडे महिने किती आहेत, आणि ती पोरं तेवढे महिने गावात राहतात का. दुसरी गोष्ट मराठवाड्यात फार महत्त्वाची. वस्तीत कंधार-मुखेडकडून आलेली कुटुंबं असतील तर दसरा-दिवाळीनंतर काही घरं ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर जातात, पोरंही सोबत जातात, आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. तीन महिने तयार केलेला तुमचा मुख्य मुलगा कोयत्याबरोबर पश्चिम महाराष्ट्रात निघून गेला तर सिनेमा तिथंच थांबतो. म्हणून मुलगा निवडायच्या आधी त्याच्या आईला विचारा: यंदा उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) घेतलीय का? उचल घेतली असेल तर तारीख नक्की असते, आणि त्या तारखेच्या आत शूटिंग संपवायचं.

माझा सल्ला असा राहील: कार्यशाळा जुलै ते सप्टेंबर, शूटिंग ऑक्टोबरच्या सुरुवातीला. पावसाळ्यात पत्र्याच्या खोलीत आवाज घेता येत नाही, पण कार्यशाळेला तेवढा स्वच्छ आवाज लागत नाही. ऑक्टोबरात पाऊस ओसरलेला असतो, हवा धुतलेली असते, उन्हाला धार असते. फक्त त्या वर्षी नवरात्र कधी येतं ते आधी बघा. मंडळाचे भोंगे लागले की संध्याकाळचं एकही दृश्य हाती लागणार नाही. एप्रिल-मे टाळाच. पारा बेचाळीसच्या वर, प्रत्येक घरात कूलर, आणि कूलर बंद करा म्हणून तुम्ही शेजाऱ्याला किती वेळा सांगणार?

निवडीबद्दल. साधारण ४० पोरं बघा, त्यातली १२ ठेवा, शेवटी ६ पडद्यावर येतील. ऑडिशनला डायलॉग म्हणायला लावू नका. जो पोरगा जोरात डायलॉग मारतो, ज्याच्याकडे बघून सगळे टाळ्या वाजवतात, तो बहुतेक वेळा तुमच्या कामाचा नसतो. त्यानं रील्ससाठी एक चेहरा बसवलेला असतो, हनुवटी वर, डोळे बारीक, आणि तो चेहरा सुटता सुटत नाही. तुम्हाला ऐकणारा पोरगा हवा. त्यासाठी साधी चाचणी आहे. दोघांना समोरासमोर बसवा. एकाला बाजूला घेऊन सांगा, “तुझा मोबाइल याच्याकडे आहे, तो आत्ता घेऊनच जायचं.” दुसऱ्याला वेगळं सांगा, “मोबाइल तू विकलास, पण ते कबूल करायचं नाही.” पाच मिनिटं सोडून द्या. जो समोरच्याचं ऐकून आपलं बोलणं बदलतो, गप्प बसला तरी ज्याच्या चेहऱ्यावर काहीतरी चाललेलं दिसतं, तो तुमचा. जो समोरच्याचं संपायची वाट बघत आपलं वाक्य तयार ठेवतो, त्याला गर्दीत घ्या.

कार्यशाळा वस्तीच्या आत घेऊ नका. तिथं आया, बहिणी, मोठी भावंडं बघत उभी राहतात आणि पोरं त्यांच्यासाठी काम करतात. महापालिकेच्या शाळेची खोली, समाजमंदिर, जे मिळेल ते, पण दार लागलं पाहिजे. आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येकी अडीच तास, बारा आठवडे. पहिले तीन आठवडे फक्त खेळ आणि धावणं. पोरं एकमेकांच्या अंगाला हात लावताना लाजतात, आणि लाजणारी टोळी पडद्यावर कधीच टोळी वाटत नाही.

चौथ्या आठवड्यापासून एकच खुर्ची खोलीच्या मध्ये ठेवा. आठ जण, एक खुर्ची. न बोलता ठरवायचं की कोण बसेल. हा खेळ मी नेहमी घेतो, कारण टोळीचं सगळं राजकारण त्यात उतरतं: कोण न विचारता बसतो, कोण उठून जागा देतो, कोण खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहतो. हात ठेवणारा बहुतेक वेळा खरा माणूस असतो, त्याला बसायची गरज वाटत नाही. तुमच्या कथेतला दादा बसलेला दाखवायचा की उभा, याचं उत्तर तुम्हाला तिथं मिळेल.

सहाव्या आठवड्यापासून कथेतले प्रसंग घ्या, पण कथा सांगू नका. प्रत्येकाला त्याची गरज आणि त्याचं गुपित तेवढं सांगायचं. प्रत्येक सत्र मोबाइलवर पूर्ण रेकॉर्ड करा, मोबाइल एका जागी ठेवून द्या आणि पोरांना काहीही परत दाखवू नका. दाखवलंत की ती स्वतःचा चेहरा बघतात आणि पुढच्या वेळी तोच चेहरा आणतात. तीन-चार सत्रांनंतर मोबाइल चालू आहे हे विसरून जातात. रात्री बसून रेकॉर्डिंग ऐका आणि पोरांच्या तोंडून आलेली वाक्यं जशीच्या तशी उतरवा. संवादलेखन म्हणजे तेच. वीस मिनिटांच्या सिनेमाला असं दहा-बारा तासांचं रेकॉर्डिंग पुरतं. त्यातली सगळ्यात चांगली वाक्यं शूटिंगच्या दिवशी पाठ करून मागू नका. फक्त त्या वाक्यापर्यंत नेणारा प्रसंग पुन्हा उभा करा. वाक्य थोडं बदलून येईल, येऊ द्या.

भाषेचं ओघानं येतं. तुम्ही करून पाहिलेल्या दृश्यात पोरगा म्हणतो, “तू इथे कशासाठी आला आहेस?” नांदेडच्या गल्लीत हे कुणी म्हणत नाही. “कामून आलास बे?” म्हणेल, मुसलमान मित्र असेल तर “कायकू आया रे?” म्हणेल, आणि दोघं एकमेकांशी बोलताना अर्धं हे, अर्धं ते. देगलूर-बिलोलीकडचा असेल तर मधेच एखादा तेलुगू शब्दही येईल. हे मिश्रण तुम्ही लिहून काढलंत तर नक्कल वाटेल, कारण कोण कुणाशी कोणत्या भाषेत बोलतो याचे नियम पोरांना माहीत असतात, आपल्याला नसतात. रागात भाषा बदलते, आईसमोर बदलते, पोलिसासमोर तर पार बदलते. ती बदलू द्या. मुंबईतल्या प्रेक्षकाला कळेल का ही चिंता सबटायटलवर सोडा.

आता एक गोष्ट ज्यावर तुमचा सगळा सिनेमा उभा राहील किंवा पडेल. तुमच्या कथेत टोळी अमली पदार्थ विकते आणि पिस्तुलं चालवते. ती रिओची कथा झाली. त्या सिनेमात सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे धंदा कसा चालतो हे नीट सांगितलंय: लहान पोरगा निरोप नेतो, मग गच्चीवर पहारा देतो, मग विकतो, मग टोळीचा सैनिक होतो, मग धंदा सांभाळतो. प्रत्येक पायरीला वय आहे, पैसा आहे, धोका आहे. पोरगा वाईट झाला असं न दाखवता तो वर सरकला असं दाखवलंय, म्हणून ते अंगावर येतं. तुमच्याकडची पायरी कोणती? गोदावरीची वाळू बघा. रात्री टिप्पर निघतात तेव्हा तहसीलदाराची गाडी कुठं आहे ते फोनवर सांगायला नाक्यावर पोरं उभी असतात. ‘लोकेशन’ देणं म्हणतात त्याला. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला चहाच्या टपरीवर बसून फक्त गाडी बघायचीय, त्यात त्याला गुन्हा वाटतच नाही. ही पहिली पायरी. नाहीतर गुटखा घ्या, जो राज्यात २०१२ पासून बंद आहे आणि तरी सीमेपलीकडून येतो. मटका आहे, व्याजाचा पैसा वसूल करणारी पोरं आहेत. तुमच्या वस्तीत यातलं जे खरं आहे ते एक उचला आणि त्याच्या पायऱ्या पोरांना विचारून कागदावर मांडा: या पायरीला दिवसाला किती मिळतात, कुणाकडून मिळतात, चुकलं तर काय होतं. नावं विचारू नका.

ताकद दाखवायची आपल्याकडची रीतही वेगळी आहे. चौकात बॅनर लागतो, खाली तीस फोटो, कुणाचा फोटो केवढा यावर भांडणं होतात. वाढदिवसाला रात्री बारा वाजता गाड्या जमतात. हे दृश्य पिस्तुलापेक्षा शंभरपट बोलतं, आणि एका बॅनरच्या खर्चात होतं. मात्र तलवारीनं केक कापायचं दृश्य घेणार असाल तर खरी तलवार आणू नका. असे व्हिडिओ बाहेर आले की शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल होतात, आणि तुमचं शूटिंग आहे हे पाहणाऱ्याला कळणार नाही. लाकडी नाहीतर रबरी करून घ्या, चंदेरी रंग द्या, दूरनं घ्या.

तुमच्या बजेटमध्ये बसेल असं त्या सिनेमातलं एकच दृश्य सांगा म्हणाल तर मी एका खोलीचं दृश्य सांगेन. माल विकायचा अड्डा असलेली ती खोली. कॅमेरा एका कोपऱ्यात ठेवलेला, अजिबात हलत नाही. आधी एक बाई घर चालवायला तिथं थोडा माल विकते, मग अड्डा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो, भिंती काळवंडतात, सामान बदलतं, माणसं विरघळून जातात आणि नवी येतात (एक चित्र पुसट होत असताना त्यावर दुसरं उमटतं, म्हणजे डिझॉल्व्ह), मागे निवेदन चालू. शेवटी टोळीचा म्होरक्या लिल झे दाराशी येतो. धावत्या कॅमेऱ्यासाठी नावाजलेल्या सिनेमात कॅमेरा स्थिर आहे, आणि तेच दृश्य लोकांच्या लक्षात राहतं. सेझार शार्लोन यांचं छायाचित्रण फक्त हलतं असं समजणाऱ्यांनी हे दृश्य पाच वेळा बघावं. सिनेमाचा साठच्या दशकातला भाग तर जवळजवळ सगळाच शांत, सोनेरी, बसलेल्या चौकटींचा आहे. कॅमेरा सुटत जातो तो सत्तरच्या दशकात, आणि ऐंशीच्या जवळ रंग थंड पडतात, चौकट बिथरते. म्हणजे हलणं हा अर्थ आहे: घडी विस्कटत चाललीय.

हे दृश्य तुमच्या पत्र्याच्या खोलीत असं करा. दहा बाय बाराची खोली, दारासमोरच्या कोपऱ्यात ट्रायपॉड, उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. कोब्यावर ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली ऑइलपेंटच्या खुणा करा, उंची टेपनं मोजून लिहून ठेवा, लेन्सची फोकस आणि झूमची कडी चिकटपट्टीनं बांधा. एक्सपोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) हातानं ठरवा, आपोआपवर सोडलंत तर प्रत्येक काळात भिंतीचा रंग कॅमेरा स्वतःच बदलेल आणि विरघळताना झटका दिसेल. चौकटीत एक गोष्ट कधीच बदलू नका: खिडकी, किंवा भिंतीतली खुंटी. डोळा तिच्यावर टेकतो, म्हणून बाकीचं बदललेलं जाणवतं.

पाच काळ घ्या. क्रम जुन्याकडून नव्याकडे, म्हणजे आधी स्वच्छ भिंत, मग मळत न्यायची. भिंत मळवायला अर्धा तास लागतो, धुवून परत स्वच्छ करायला दिवस जातो. पहिल्या काळात देव्हारा, कॅलेंडर, उतरंड, बाज. दुसऱ्यात डब्यासारखा टीव्ही. तिसऱ्यात देव्हारा जातो, तिथं नुसता कोरा चौकोन राहतो. चौथ्यात खोकी, पाचव्यात भाऊचा बॅनर भिंतीला टेकवलेला. उजेड प्रत्येक वेळी वेगळा: सकाळी दारातून, दुपारी पत्र्याच्या भोकांतून, रात्री एक ट्यूब. विरघळणं दीड-दोन सेकंदांचं ठेवा, आणि जाणारा माणूस डाव्या बाजूला असेल तर येणारा उजव्या बाजूला बसवा, नाहीतर दोन शरीरं एकमेकांत घुसलेली दिसतात. पडद्यावर अडीच मिनिटं, शूटिंगला एक पूर्ण दिवस. निवेदन पोराच्याच आवाजात, नंतर रेकॉर्ड केलेलं.

निवेदनामुळे आणखी एक सोय होते. त्या सिनेमाचा निवेदक रॉकेट गोष्ट सांगता सांगता थांबतो, मागे जातो, “हे सांगायचं तर आधी ते सांगावं लागेल” म्हणतो. लॉजवरच्या दरोड्याचं दृश्य आधी अर्धंच दाखवलंय: छोट्या लिल डाइसला (हाच पुढे लिल झे होतो) बाहेर पहाऱ्यावर ठेवतात, नंतर आत मुडदे सापडतात. ते कुणी मारले हे फार पुढे कळतं. तुम्हाला वीस मिनिटांत असा एकच लपवलेला तुकडा परवडेल, जास्त नाही.

टेकबद्दल. नवखी पोरं बहुतेक दुसऱ्या ते चौथ्या टेकला सगळ्यात चांगली असतात. सहाव्यानंतर मेलेली. तुम्हाला अजून एक टेक हवाच असेल तर सगळ्यांना सूचना देऊ नका, एकाच्याच कानात नवीन काहीतरी सांगा: “या वेळी तो बोलला तरी उत्तर देऊ नकोस.” बाकीच्यांना खरंच सावरावं लागतं आणि दृश्य जिवंत होतं. जमिनीवर उभं राहायच्या खुणा करू नका. उजेड पूर्ण जागेला द्या, पोरं कुठंही गेली तरी चेहरा दिसेल असा. सुचेल तसं बोललेलं एका टेकचं दुसऱ्याला जुळत नाही, संकलनात हाच मोठा त्रास होतो. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक दृश्यात हाताला एक ठरलेली क्रिया द्यायची, चहाचा ग्लास ठेवणं, गाडीची किल्ली फिरवणं, आणि ती प्रत्येक टेकला त्याच सुमारास व्हायला हवी एवढंच सांगायचं. कट तिथं बसतो. शिवाय ऐकणाऱ्याचे चेहरे वेगळे भरपूर घ्या. दानिएल रेझेंदे यांच्या संकलनाचा वेग सगळ्यांना दिसतो, पण सुरुवातीच्या कोंबडीच्या पाठलागात कोण कुठल्या दिशेला पळतंय हे एकदाही चुकत नाही, म्हणून तो वेग झेपतो. (कोंबडीचं दृश्य घ्यायचा मोह होईल. भारतात सिनेमात प्राणी वापरायला ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची आधी परवानगी लागते. सोडून द्या.)

ऐंशी हजारांतले निदान वीस-पंचवीस हजार आवाजावर ठेवा. अंधुक चित्र लोक सहन करतात, न ऐकू येणारा संवाद नाही. माइकवाला माणूस अनुभवी घ्या, कॅमेरामन नवखा चालेल. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून चौकटीबाहेरच्या भिंतींवर आणि छताखाली वाकळी टांगा, आठ-दहा तरी. सकाळी ऊन चढताना आणि संध्याकाळी उतरताना पत्रे तडतडतात, तो आवाज नंतर काढता येत नाही, म्हणून आतले संवाद दहा ते चारमध्ये घ्या. प्रत्येक जागेचा रिकामा आवाज एक मिनिटभर नोंदवा. दृश्य संपल्या संपल्या, पोरं अजून त्याच तंद्रीत असताना, कॅमेरा बंद करून तेच बोलणं माइक जवळ धरून एकदा घ्या. डबिंग करायची वेळ या पोरांवर आणू नका, त्यांना ते जमत नाही. नळाला पाणी येण्याचा दिवस आधी विचारून ठेवा. त्या दिवशी वस्तीत शूटिंग होत नाही आणि करूही नये.

कागदपत्रं थोडक्यात. पोलिस ठाण्याला आणि नांदेड वाघाळा महापालिकेला अर्ज, त्यात तारखा, वेळा आणि हत्यारं नकली असल्याचा स्पष्ट उल्लेख. चौदा वर्षांखालचं मूल असेल तर २०१७ च्या बालकामगार दुरुस्ती नियमांप्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि त्याच्या मानधनातले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावानं मुदत ठेवीत. अठराखालच्या सगळ्यांच्या पालकांची लेखी संमती, मराठीत, आणि मोठ्यानं वाचून दाखवलेली. मानधन सगळ्यांना द्या, थोडं का होईना, आणि सारखं द्या.

त्या सिनेमात एका लहान पोराला हाताला की पायाला गोळी हवी ते निवडायला लावतात. ते रडणं बघून अनेकांना वाटतं की आपणही असं काहीतरी मिळवावं. लहान मुलाला खरोखर घाबरवून रडवू नका. दृश्य त्याच्याविना करा: मोठ्या पोराचा चेहरा, आवाज बाहेरून, मुलाचे फक्त पाय. तुमच्या पोरांपैकी कुणावर खरी केस असेल तर तो प्रसंग त्याच्याकडून करून घेऊ नका, आणि प्रसिद्धीत “खऱ्या गुन्हेगार पोरांनी काम केलंय” असं कुठंही लिहू नका. अल्पवयीन असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ त्याची ओळख उघड करायला मनाई करतं. त्या वसाहतीतलाच रॅपर एम. व्ही. बिल यानं त्या सिनेमावर उघड टीका केली होती की यामुळे तिथल्या सगळ्या माणसांवर शिक्का बसला. ती टीका मला पटते. तुमच्या कथेत भाजी विकणारी आई, शिलाई मशीनवरची बहीण, रात्रपाळीचा बाप यांना दोन-दोन ओळींपेक्षा जास्त जागा द्या. ‘सिटी ऑफ गॉड’मध्ये बायकांना जागा कमी आहे, तुम्हाला ते करायची गरज नाही. अंतिम संकलनाच्या आधी वस्तीत दाखवा, आणि कुणाला आपलं घर ओळखू येतंय अशी हरकत निघाली तर ते कापा.

राहिला कॅमेरा. जो आहे तो वापरा, अगदी चांगला मोबाइलही चालेल. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यानं ट्यूब आणि एलईडीखाली चित्र लुकलुकणार नाही. उन्हात शटर वाढवायच्या ऐवजी एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी काच) लावा. हातात धरायचा असेल तर झूम नको, रुंद लेन्स लावून पोरांच्या जवळ जा, दोन-तीन फुटांवर. लांबून झूम करून हलवलंत की नुसती थरथर दिसते. आणि कॅमेरा धरणाऱ्याला कार्यशाळेच्या शेवटच्या चार आठवड्यांत बोलवा, रिकाम्या हातानं. त्यानं पोरांमध्ये नुसतं उभं राहायचं, त्यांच्याबरोबर वळायचं. कोण बोलायच्या आधी खांदा हलवतो, कोण पळायच्या आधी मागे बघतो, हे त्याला शूटिंगच्या दिवसापर्यंत पाठ झालेलं हवं.